अक्काला जिना झेपत नाही

माझ्या धाकट्या भावानं आयर्लंडात किल्ला घेतला, ही बातमी मी स्वतः नात्यागोत्यात एकालाही सांगितली नाही. तरी ती पसरलीच. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, "विजयाताई, विक्रांतनं किल्ला घेतला म्हणे?" मी म्हणायचे, "हो ना. आता मावळे गोळा करतोय." आणि पानातल्या जिलबीकडे वळायचे.

विक्या माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. लहानपणी अंधाराला इतका भ्यायचा, की संध्याकाळी अंगणातल्या नळावर जायचं तरी माझी ओढणी धरून यायचा. पुढे कॉम्प्युटर शिकला, अठ्ठ्याण्णव साली डब्लिनला गेला, तिथं कंपनीचे शेअर नेमक्या वेळी विकले आणि नशिबाला स्वतःची अक्कल समजून बसला. बाकीचे मराठी लोक डब्लिनमध्येच, सँडीफोर्डला फ्लॅट घेऊन गप राहिले. यानं तिकडे दूर, वॉटरफोर्ड शहराच्या अलीकडे, बॅलीगॉर्म नावाच्या कुठल्याशा खेड्याबाहेर एक पडका मनोरा घेतला आणि पाच वर्षं तो दुरुस्त करत बसला.

दोन हजार सहाच्या जुलैत त्याचा फोन आला. "अक्का, यंदा नवरात्र आपल्या किल्ल्यात करायचं. घट बसवायचे. तू आलीच पाहिजेस, तुला सगळं माहितीये." मला काही माहिती असतं, हे त्याला जन्मात पहिल्यांदाच सुचलं होतं. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी नुकतीच वीज मंडळातून रिटायर झाले होते, घरात बसून वैतागले होते, आणि खरं सांगायचं तर किल्ला बघायची हौस मलाही होतीच. गेले.

डोंबलाचा किल्ला! गुडघे धड होते तोवर दर रविवारी सिंहगड चढलेली बाई आहे मी. याला किल्ला म्हणायचं तर आमच्या पर्वतीला हिमालय म्हणावं लागेल. शेताच्या मधोमध उभी केलेली चार मजली दगडी चिमणी, एवढंच. पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या कुठल्याशा सरदारानं बांधलेली. तेव्हा शेजारी एकमेकांच्या गाई पळवायचे म्हणे, म्हणून रात्री दार लावून आत लपायची सोय. दर मजल्यावर एक खोली. तळाला स्वयंपाकघर, त्यावर माझी खोली, त्यावर त्या दोघांची, आणि सगळ्यांत वर दिवाणखाना, ज्याला विक्या 'ग्रेट हॉल' म्हणायचा. म्हणजे भात खाली शिजायचा आणि जेवायचा वर. वर पोचेपर्यंत वरणावर साय धरायची.

भिंती हात लावावा तिथं ओल्या. मिठाचा दगड व्हायचा, पापड फडक्यासारखे मऊ. खिडक्या म्हणजे नुसत्या उभ्या फटी, बाण मारायला ठेवलेल्या. काही फटींना काच होती. दिवाणखान्यातल्या दोन फटींना नव्हती, कारण मूळ बांधकामात नव्हती. फाटकही तसंच, लोखंडी, अवजड. गाडीतून उतरायचं, दोन्ही हातांनी आडणा उचलायचा, फाटक ढकलायचं, गाडी बाहेर काढायची, पुन्हा उतरायचं. मी म्हटलं, "अरे, एवढा कॉम्प्युटरवाला ना तू? बटणाचं फाटक बसव की." तर मला म्हणाला, "अक्का, ऑथेंटिक आहे ते."

आणि जिना! त्या जिन्याचं कौतुक तर विचारूच नका. भिंतीच्या पोटातून गोल गोल वर जाणारा, दगडी, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा अरुंद. कठड्याच्या जागी एक दोर. विक्या प्रत्येक पाहुण्याला त्याच पायरीवर थांबवून तेच पाठ केलेलं भाषण द्यायचा. "बघा, जिना उजवीकडे वळत वर जातो. खालून येणाऱ्या शत्रूच्या तलवारीला भिंत आडवी येते. वरचा एकटा माणूस शंभर जणांना अडवू शकतो." पोस्टमनला सांगून झालं, बॉयलर बघायला आलेल्या माणसाला सांगून झालं. मधे एक पायरी मुद्दाम वीतभर जास्त उंच होती, शत्रू अडखळावा म्हणून. विक्यानं ती मुद्दाम पुन्हा तशीच घडवून घेतली. पाचशे वर्षांत शत्रू काही आला नसावा. पहिल्या दिवशी मी मात्र नाकावर आपटता आपटता वाचले.

किल्लेदार स्वतः मात्र किल्ल्यात राहत नव्हते, बरं का. त्यांची नोकरी डब्लिनच्या टोकाला, चेरीवूडला. सोमवार ते शुक्रवार ते सँडीफोर्डच्या गरम, कोरड्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि शुक्रवारी रात्री ट्वीडची टोपी घालून गडावर यायचे. आठवडाभर त्या ओल्या दगडांत एकटी राहायची ती सुमेधा, त्याची बायको.

सुमेधा नागपूरची. फिजिओथेरपिस्ट. तिकडे मोठ्या हॉस्पिटलात होती. इथं आल्यावर तिची डिग्री मान्य व्हायला दोन वर्षं गेली, मग कुठं कुठं बिनपगारी काम करून दाखवावं लागलं, ते सगळं तिनं केलं. वसंतात वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. त्याच दिवशी चुन्याचा गिलावा करणारे येणार होते. विक्या म्हणाला, "घरात कुणीतरी हवंच ना, माझी तर मीटिंग आहे." ती राहिली घरात. मुलाखत गेली. आता त्यांनी पुन्हा बोलावलं होतं, नवरात्रातल्या गुरुवारी, दुपारी दोन वाजता. माझ्या गुडघ्याला तेल चोळता चोळता तिनं मला हे सांगितलं. आवाज खालीच ठेवला होता, पण डोळे लकाकत होते.

"अक्का, ह्या वेळी मला जायचंच आहे," ती म्हणाली. "इथं बसून बसून मी माझे हात विसरून जाईन."

हात कसले तिचे! पंधरा दिवसांत तिनं मला माणसात आणलं. जिन्यावर दोर धरून शिकवायची, "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. घाई नका करू. बघा, जमतंय ना?" जमत होतं. पहिले दोन दिवस मी स्वयंपाकघरातच जेवले. मग रोज रात्री वर जाऊन जेवायला लागले.

तर घट बसले. शनिवारी विक्या रेशमी कुर्ता घालून पुढे. पत्रावळीवर शेतातली माती, मातीत सप्तधान्य, मधे तांब्याचा कलश, वर नारळ. सगळं दिवाणखान्यात, भिंतीतल्या शेकोटीच्या मोठ्या दगडी चुलाण्यासमोर. तिथवर ठीक. मग त्यानं खोक्यातून फूटभर उंचीचा पितळी दिवा काढला. "अखंड नंदादीप! नऊ दिवस, नऊ रात्री."

मी म्हटलं, "विक्या, आपल्याकडे अखंड दिवा नसतो."

"नसतो म्हणजे?"

"म्हणजे नसतो. आई सकाळ-संध्याकाळ लावायची. ती शाळेत शिकवायला जायची, दिवसभर दिव्यापाशी कोण बसणार? घटाला हात जोडून म्हणायची, 'जाऊन येते गं', आणि दाराला कुलूप लावून जायची. देवी काही रुसली नाही. आपण सगळे धडधाकट वाढलो."

"अक्का, आता आपली परिस्थिती वेगळी आहे. आता सुरू करू. चारशे वर्षांची परंपरा वाटली पाहिजे." वाटली पाहिजे, म्हणे! आणि पेटवला. रविवारी रात्री साहेब टोपी घालून सँडीफोर्डला परत गेले. दिवा सांभाळायला कोण? ती.

काचा नसलेल्या त्या दोन फटींतून वारा भसाभस आत यायचा. तिनं त्यांत उशा कोंबल्या. दर दोन-अडीच तासांनी वर जाऊन तेल, वात बघायची. रात्री दिव्यापाशीच अंथरूण टाकायची. झेंडू तिथं कुठला, रस्त्याकडेला कुंपणात केशरी रानफुलं फुलली होती, पावसात भिजत जाऊन ती तोडून आणायची आणि रोजची माळ करायची. मी म्हटलं, "अगं, गुरुवारी तू जाशील तेव्हा मी बसते वर. सकाळी चढेन, संध्याकाळी उतरेन."

"बसाल ना, अक्का? नक्की?" ती म्हणाली. आणि मग, "लावलाच नसता तर गोष्ट वेगळी होती. पण लावलाय ना आता. माझी आई फोनवर म्हणाली, अखंड दिवा घरच्या सुनेच्या जबाबदारीवर असतो. शांत झाला तर माझ्या मनाला लागून राहील." ती भाबडी नव्हती. पण घेतलं ते नीट करायचं, अशा घरातली होती. विक्याला हे पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी त्याचा फोन. कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत आयर्लंडातल्या दुरुस्त केलेल्या किल्ल्यांवर लेखमाला येत होती. त्यांना भारतीय मालकाचा किल्ला हवा होता. यानं नंदादीपाचं सांगितल्यावर तर ते उड्याच मारायला लागले. फोटो काढायला कधी येताय, तर गुरुवारी अकरा वाजता. यानं 'ग्रँड' म्हणून टाकलं. हा त्याचा तिथं उचललेला शब्द. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, बायकोची मुलाखत बुडाली तरी ग्रँड.

बुधवारी संध्याकाळी तो आला तो हातात एक प्लास्टिकचा ट्रे घेऊन. ट्रेमधे हिरवागार, बोटभर उंच गव्हाचा पाला. डब्लिनला लोक त्याचा रस काढून पितात म्हणे. त्या गारठ्यात आमच्या घटातलं धान्य पाच दिवसांत फुगलं सुद्धा नव्हतं, नुसतं मातीत पडून होतं. विक्या सरळ वर गेला, घटाभोवतीची माती सारली आणि दुकानातला पाला मुळांसकट तिथं खोवून दिला.

"अरे, हे काय करतोयस?"

"फोटोत माती काय दाखवायची, अक्का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. देवीसमोर पाला लावणारा माणूस मी साठीला आले तरी पाहिला नव्हता. सुमेधा सांडलेली माती बोटांनी गोळा करत राहिली. मग उठली आणि शांतपणे म्हणाली, "विक्रांत, फोटोवाले अकराला येतील. मी साडेबाराला निघेन. अक्का दिव्यापाशी बसतील."

"अगं, असं कसं?" तो अगदी गोड आवाजात बोलायला लागला. गोड बोलायला लागला की समजायचं, याचं ठरलंय. "ते जेवायला थांबणार आहेत. तू स्वयंपाकघरात काम करतानाचा फोटो हवाय त्यांना. आणि अक्का? अक्काला जिना झेपत नाही. दिव्यात तेल घालताना हात कापतो तिचा. मी पाहुण्यांना किल्ला दाखवत फिरणार. तिला एकटीला वर सोडून जाणार तू? वात पडली, काही झालं म्हणजे? हॉस्पिटल काय, पुन्हा बोलावेल. घरात पेटता नंदादीप टाकून घरची सून नोकरी शोधायला गेली, हे तुला तरी पटतंय का?"

"मला झेपतो जिना," मी म्हटलं.

"अक्का, प्लीज. तू मधे पडू नकोस." माझ्याकडे न बघताच बोलला. ज्या बहिणीची ओढणी धरून नळावर जायचा, तिला!

मी खूप तोंड सोडलं. चारशे वर्षांची परंपरा काढली, टोपी काढली, पाला काढला. तो मोबाइल घेऊन गच्चीवर निघून गेला. सुमेधा तशीच दिव्यापाशी बसून राहिली. मी तिला म्हटलं, "तू जा. मी बघते त्याच्याकडे." तिनं वात जरा पुढे सारली. मग म्हणाली, "नाही अक्का. तुम्हाला काही झालं किंवा दिवा शांत झाला, तर जन्मभर ऐकावं लागेल. आणि तो म्हणतो त्यातलं एक मला खरंच वाटतं. लावलाय, तर सोडून कसं जायचं?" तिचा निळा कोट इस्त्री करून दाराला टांगलेला होता. तो तिनं उतरवला आणि कपाटात ठेवला. त्या कपाटाला तिथं 'प्रेस' म्हणतात, कसलं हे नाव, पण मला त्या क्षणी त्याचाही राग आला.

गुरुवारी सकाळी मी चहा घेतला. चांगला पाय आधी, चांगला पाय आधी, असं म्हणत दोर धरून वर गेले आणि जिन्याच्या दाराशी खुर्ची ओढून बसले. विक्याला म्हटलं, "बघितलंस? आले वर." तो म्हणाला, "ग्रँड, ग्रँड," आणि मला फोटोत येणार नाही इतकी मागे सरकवून गेला.

अकराला ती माणसं आली. एक लेख लिहिणारी बाई, आणि कॅमेरावाला, तरुण, लाल दाढीचा, भलता सालस. विक्यानं जिन्यावर उजवी-डावी तलवार दाखवली, शंभर जणांना अडवून झालं, मग सगळे वर आले. सुमेधाला त्यानं जांभळी पैठणी नेसायला लावली होती, नाकात आमच्या आईची नथ. नवराबायको घटासमोर, नवराबायको खिडकीपाशी. ती बाई विचारत होती, हा दिवा किती वर्षं जपलाय म्हणे तुम्ही? विक्या सांगत होता, "आमच्या घराण्यात चारशे वर्षं हा दिवा कधी विझलेला नाही. नवरात्रात घरातली बाई त्याला सोडून उंबऱ्याबाहेर जात नाही." मी खुर्चीतून मोठ्यानं खाकरले. कुणी लक्ष दिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते, आणि सुमेधा त्या घड्याळाकडे पाठ करून उभी होती.

दिव्याचे फोटो झाले. मग कॅमेरावाल्याला पूर्ण चुलाणं, वरचे लाकडी वासे आणि ही दोघं, असा मोठा फोटो हवा होता. त्यानं दोन-तीनदा कॅमेरा हलवला. मग जरा संकोचून म्हणाला, ज्योतीचा उजेड भिंगात येतोय, मागच्या दगडावर सावली नाचतेय. एवढ्या एका फोटोपुरता दिवा मालवला तर चालेल का? तुमच्या धर्मात बसत नसेल तर राहू दे, तो म्हणाला, मी काहीतरी जमवतो. परक्या मुलाला कळलं होतं ते.

"नो, नो, यू आर ग्रँड," विक्या म्हणाला. वाकला, आणि फू केलं.

तोंडानं! आमच्यात लहान मूल सुद्धा दिव्यावर तोंडानं फुंकर मारत नाही. हातानं वारा घालून, नमस्कार करून निरोप देतात. यानं केक कापायला बसल्यासारखं फुंकलं. वातीतून काळ्या धुराची एक रेघ वर गेली. मला वाटलं, आता ही किंचाळेल.

ती किंचाळली नाही. नवऱ्याकडे बघितलं सुद्धा नाही. त्या वातीकडे बघत उभी राहिली, अगदी ती थंड होईपर्यंत. विक्या कुर्ता सारखा करत म्हणाला, "अगं, चेहरा असा काय केलायस? नंतर लावू परत. काडेपेटी आण ना खालून."

सुमेधानं हातातलं तबक खाली ठेवलं. घटाला हात जोडले आणि पुटपुटत काहीतरी म्हणाली. मग वळून जिन्याच्या दाराशी आली. माझ्यासमोर थांबून नाकातली नथ काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"अक्का, जाऊन येते."

"ये गं बाई," मी म्हटलं. ती पैठणीचा घोळ एका हातात धरून दडादड खाली उतरली, त्या उंच पायरीवर सुद्धा अडखळली नाही.

विक्या तिकडे कॅमेऱ्यासमोर चुलाण्यावर कोपर टेकून उभं राहण्याचा सराव करत होता. त्याला वाटलं, ही काडेपेटी आणायला गेली. मला ठाऊक होतं, त्याला कळायला फार वेळ लागायचा नाही. आणि ते फाटक! उतरून आडणा उचला, ढकला, गाडी काढा. हा धावत गेला तर फाटकापाशी गाठणार, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणणार, गोड आवाज काढणार, आणि ती परत येणार. मी खुर्चीतून उठले. दोर धरला. दुखरा पाय आधी, दुखरा पाय आधी. घाई करू नका म्हणायची ती, पण मी केली.

मी त्या उंच पायरीपर्यंत पोचले, तेवढ्यात वरून आरोळी आली. "सुमेधा? सुमेधा! कुठं निघालीस?" फटीतून दिसली असावी. मग बुटांचा धडधडाट. मी त्या पायरीवर बसकण मारली. एक खांदा या भिंतीला, एक त्या भिंतीला. मी काही बारीक बाई नाही.

विक्या वळणावरून आला आणि माझ्या पाठीवर आदळता आदळता थांबला.

"अक्का, बाजूला हो!"

"कुठं होऊ? बाजू आहे का या जिन्याला?"

"अगं, ऊठ ना! ती गाडी काढतेय!"

"गुडघा धरलाय रे. हलतच नाही." मी दोर घट्ट धरला. "तू कालच म्हणालास ना, अक्काला जिना झेपत नाही. बरोबर बोललास हो. नाही झेपत."

त्यानं माझ्या खांद्यावरून पाय टाकायचा प्रयत्न केला, डोकं वरच्या दगडाला दाणकन आपटलं. त्याच्या मागे ती बाई, तिच्या मागे कॅमेरावाला, सगळे त्या गोल बोळात एकावर एक अडकलेले. कॅमेरावाल्यानं वरून काळजीनं विचारलं, आजींना लागलं तर नाही ना?

"आय ॲम ग्रँड," मी ओरडून सांगितलं.

माझ्या कानाशी एक फट होती, बिनकाचेची. तीतून थंडगार वारा येत होता आणि खालचं फाटक दिसत होतं. जांभळी पैठणी, तिच्यावर निळा कोट. कपाटातून काढला होता तर! तिनं आडणा उचलला, फाटक ढकललं, गाडी बाहेर काढली. फाटक लावायला मात्र परत उतरली नाही, सताड उघडं टाकलं. गाडी डावीकडे वळली. डावीकडे वॉटरफोर्ड.

"गेली," मी म्हटलं.

विक्या माझ्या वरच्या पायरीवर मटकन बसला. डोकं चोळत होता. "काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं.

"जाऊन येते म्हणाली. आधी देवीला म्हणाली, मग मला."

"आणि मला?"

मागे ती बाई हळूच विचारत होती, फोटो पूर्ण करायचा का? विक्या लगेच उठून उभा राहिला, कुर्ता सारखा केला. त्याही वेळी!

"अक्का, निदान दिवा तरी लावू दे. काडेपेटी कुठं असते?"

पाच वर्षं हा किल्ला दगड दगड करून उभा केला त्यानं, आणि काडेपेटी कुठं असते ते त्याला माहीत नव्हतं.

"खाली," मी म्हटलं. "स्वयंपाकघरात."

"मग जाऊ दे ना मला खाली!"

"जाशील की." मी नथ मुठीत नीट धरली आणि भिंतीला पाठ टेकली. "तिला वॉटरफोर्डला पोचू दे."